पुढच्या क्वार्टरला बघू (याकोब ४:१३-१७)



आजचा भाग याकोबाच्या पत्रातला, चौथ्या अध्यायाच्या शेवटचा. पाचच वचनं आहेत. मी ती इथे टाइप करत नाही. बायबल उघडा (मोबाइलमधलं चालेल, पण नोटिफिकेशन बंद करून) आणि सलग वाचा, जमलं तर मोठ्याने. मग इकडे या. एकच विनंती, सतरावं वचन गाळू नका. मी कित्येक वर्षं ते गाळत आलो आणि आजचं मनन त्याबद्दलच आहे.

हे पुण्यातून नाही, तळोद्यातून लिहितोय. दिवाळीत सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून दिवाळीनंतर दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलो. पहाटे नंदुरबार स्टेशनवर उतरलो, एसटी पकडली, हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली. उसाच्या शेतांवर धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरने दिवे चालूच ठेवले होते. गावात उतरलो तर रस्त्याच्या कडेला एक ट्रक भरत होता. भांडी, गोधड्या, सरपण, पिठाच्या गोण्या, पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. बायका, पोरं, एक म्हातारी. आमच्याकडे राहणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथल्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब.

एका माणसाला सहज विचारलं, "कुठं निघाले, दादा?"

"बारडोलीकडं."

"परत कधी?"

"होळीला. जमलं तर."

माझ्या पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता आणि त्यात पुढच्या वर्षाचा रोडमॅप. पहिल्या क्वार्टरला हे, दुसऱ्याला ते, चौथ्यात ऑनसाइट. त्यात "जमलं तर" कुठेही नव्हतं.

आता याकोबाकडे. हा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ, यरुशलेममधल्या मंडळीचा पुढारी, असं परंपरेने मानलं जातं. इसवी सन ६२च्या सुमारास त्याला मारण्यात आलं, हे योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय. तेराव्या वचनात तो एका माणसाला बोलतं करतो. त्या माणसाच्या वाक्यात पाच गोष्टी पक्क्या आहेत: निघायचं कधी, जायचं कुठे, राहायचं किती, करायचं काय आणि सुटणार किती. आपल्या भाषेत सांगायचं तर तारीख, लोकेशन, ड्युरेशन, स्कोप आणि प्रॉफिट. हे वाचून मला हसूच आलं. एवढा नीट प्लॅन आमच्या टीमने केला तर मॅनेजर पेढे वाटेल.

मग याकोबाला खटकतं काय? योजना करणं तर नक्कीच नाही. पौल सतत योजना करत होता. रोमकरांस लिहिताना तो स्पेनला जायचा बेत सांगतो, करिंथकरांना लिहिताना इफिसात पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत राहीन असं कळवतो. नीतिसूत्रे तर आळशाला मुंगीकडे शिकायला धाडतं. सोळाव्या वचनात जो फुशारकीचा शब्द आहे, तो ग्रीकमध्ये गावोगाव फिरून रामबाण औषध विकणाऱ्या बढाईखोर भोंदूच्या नावावरून आलाय. जे आपल्या हातात नाही ते आहे असं भासवून विकणारा. योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात, जीविताच्या दिमाखासाठी हाच शब्द आलाय. म्हणजे खटकतोय तो आविर्भाव. उद्या हा माझा माल आहे आणि मी त्याचा भाव ठरवतोय, हा.

आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला त्या ट्रकजवळ उभं राहावं लागलं. याकोब हे कोणाला म्हणतोय? व्यापाऱ्याला. ज्याच्याकडे भांडवल आहे, जो शहर निवडू शकतो, एक वर्ष कुठे घालवायचं हे ठरवू शकतो, त्याला. ट्रकवरच्या माणसाला उद्या आपल्या हातात नाही हे शिकवायला प्रेषिताची गरज नाही. त्याचा उद्या मुकादमाच्या वहीत लिहिलेला आहे. "जमलं तर" हे तो नम्रपणाचा अभ्यास म्हणून बोलत नाही, त्याला तेवढंच ठाऊक आहे. हा भाग माझ्यासाठी आहे. तुमच्यासाठीही, जर तुमच्या फोनमध्ये एसआयपी, ईएमआय आणि जूनमधल्या ट्रिपचं बुकिंग एकाच वेळी असेल.

आता पंधरावं वचन. प्रभूची इच्छा असेल तर असं म्हणावं, असं याकोब शिकवतो. आपण ख्रिस्ती माणसांनी याचं काय केलं? शेपूट केलं. जुन्या मिशनऱ्यांच्या पत्रांत वाक्याच्या शेवटी "डी. व्ही." अशी दोन अक्षरं असायची, लॅटिनमधल्या 'देओ वोलेंते'ची, म्हणजे देवाची इच्छा असेल तर. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी टाकतो. योजना तीच, खात्री तीच, फक्त शेवटी देवाची सही घेतल्यासारखं. (ऑफिसात मी डेडलाइनपुढे "टेंटेटिव्ह" लिहितो ना, अगदी तसंच. उशीर झाला तर कुणी विचारू नये म्हणून.) प्रेषितांच्या कृत्यांत पौल इफिसकरांचा निरोप घेताना ही अट बोलून दाखवतो, पण पंधराव्या अध्यायात बर्णबाला "चल, पुन्हा भेटी देऊ" म्हणताना बोलून दाखवत नाही. शब्द दर वेळी यायलाच हवेत असं नाही.

नीट वाचलं तर याकोबाची अट आपल्यापेक्षा खोल जाते. आपण ती कामाला लावतो: देवाची इच्छा असेल तर काम होईल. तो आधी जगण्याला लावतो: प्रभूने मनात आणलं तर आपण जगू, आणि मग हे किंवा ते करू. आपल्या रोडमॅपमध्ये "मी असेन" ही ओळ कधीच नसते, ती गृहीत धरलेली असते.

जरा थांबून एक सावधगिरी, कारण आमच्या भागात हे वाक्य जपून वापरावं लागतं. तळोद्याजवळ सोमावल, रोझवा अशी पुनर्वसनाची गावं आहेत. नर्मदेकाठच्या, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरांतल्या लोकांना सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिथे यावं लागलं. त्या धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ला बसली, लवादाचा निवाडा १९७९ साली आला आणि लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ला झालं. छप्पन्न वर्षांत कितीतरी जणांचा उद्या त्यांना न विचारता कागदावर ठरला. मी इंजिनिअर आहे, धरणं का बांधतात हे मला कळतं. पण यातल्या कुणाला "प्रभूची इच्छा" असं सांत्वन करायला जाऊ नका. माणसांनी सही करून घेतलेल्या निर्णयावर देवाचं नाव चिकटवणं ही पंधराव्या वचनाची आज्ञा नाही. ते वचन मी माझ्या बेतावर लावायचं आहे, दुसऱ्याच्या नुकसानीवर नाही.

चौदाव्या वचनातली वाफ मला आधी नीट समजली नव्हती. मला वाटायचं, याकोब आयुष्याला वाफेची उपमा देतोय. ग्रीकमध्ये तो थेट आपल्यालाच वाफ म्हणतो. थोडा वेळ दिसणं आणि मग दिसेनासं होणं, या दोन्हींसाठी त्याने वापरलेले शब्द एकाच धातूतले आहेत, त्यामुळे वाक्य कानाला जवळजवळ यमकासारखं लागतं. उपदेशकाच्या पुस्तकात "व्यर्थ" म्हणून जो शब्द पुन्हापुन्हा येतो, त्याचाही हिब्रूतला मूळ अर्थ श्वास, वाफ असाच आहे, आणि तोच शब्द हाबेलाचं नाव आहे. बायबलमध्ये सगळ्यांत आधी मेलेल्या माणसाचं. त्या दिवशी उसावरचं धुकं मी घराच्या गच्चीवरून पाहत होतो. साडेआठला सातपुडा दिसत नव्हता. चहा पिऊन, आईशी दोन गोष्टी बोलून परत आलो तर डोंगर लख्ख समोर. धुकं कधी गेलं ते कळलं नाही.

वाफेचा हा विचार आपल्या पिढीला आवडतो खरं तर. आयुष्य छोटं आहे, म्हणून फिरून घ्या, अनुभव घ्या, मन मारू नका. मीही अशाच अर्थाने स्टेटस ठेवलेत. त्याच संध्याकाळी मी आबांना भेटायला गेलो आणि तो अर्थ माझ्यापुरता संपला.

आबा आमच्या मंडळीतले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आता ऐंशीच्या घरात. रविवारच्या शाळेत आम्हाला वचनं पाठ करून घेणारे तेच. पाठ झालं तर गूळ-शेंगदाणे, नाही झालं तरी गूळ-शेंगदाणे. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अक्षरं पुसट दिसायला लागली रे. मोतीबिंदू पिकलाय म्हणतात." मुलगा लांब, सून आजारी. पैशांचा प्रश्न नव्हता. दोन दिवस कुणीतरी बरोबर हवं होतं, नंदुरबारला नेऊन ऑपरेशन करून आणायला. मी म्हटलं, "आबा, काळजी करू नका. मार्चमध्ये रिलीज झालं की मी येतो, आपण जाऊ. प्रभूची इच्छा असेल तर."

हो, म्हणालो होतो. पंधरावं वचन पूर्ण पाळलं होतं मी.

मार्चचं रिलीज मेमध्ये गेलं. मेमध्ये ऊन होतं. जूनमध्ये पाऊस. मग अप्रेझल, मग दुसरी नोकरी, मग नव्या नोकरीत लगेच सुट्टी कशी मागायची. मी विसरलो नव्हतो, हे मात्र खरं. आमच्या कामात एक बॅकलॉग असतो. करायचं ठरलेलं पण कुणी हातात न घेतलेलं काम तिथे पडून असतं. कुणी ते काढून टाकत नाही, कुणी करतही नाही. आबांचा डोळा माझ्या बॅकलॉगमध्ये होता. पुढच्या क्वार्टरला बघू.

या वेळी गेलो तर आबा ओसरीवर खुर्चीत बसून वाचत होते. काळा चष्मा नाही, काही नाही. दोन महिन्यांपूर्वी शेजारचा मुलगा, काळी-पिवळी चालवणारा, त्यांना घेऊन गेला होता. दोन दिवस गाडी बंद ठेवून. दोन दिवस गाडी बंद म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात रोजची कमाई रोज येते त्यांना सांगायला नको.

मी माफी मागायला सुरुवात केली. आबांनी ऐकूनच घेतलं नाही. "तू येणारच होतास, मला ठाऊक होतं." खरंच तसं वाटत होतं त्यांना, टोमणा नव्हता. मग पुस्तकात बोट ठेवून म्हणाले, "दोन वर्षं स्तोत्रं पाठ होती तेवढ्यावर काढली. यशया पाठ नव्हता ना. आता त्याच्यापासून सुरू केलंय."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही.

ऐंशीच्या घरातल्या माणसाची दोन वर्षं. मला वाटत होतं, मी माझा वेळ पुढे ढकलतोय. माझ्याकडे वेळ भरपूर होता, म्हणजे तसं मी धरून चाललो होतो. पण पुढे ढकललेली ती दोन वर्षं माझ्या खात्यातून गेलीच नाहीत, आबांच्या खात्यातून गेली. वाफ तेही आहेत. माझ्या आधीची, जास्त पातळ झालेली.

त्या रात्री सतरावं वचन पहिल्यांदा वाचलं असं म्हणायला हरकत नाही. चांगलं काय ते कळतं आणि करत नाही, त्याला ते पाप आहे, असा त्याचा आशय. मला नेहमी वाटायचं की हे वचन इथे चुकून पडलंय. व्यापारी, उद्या, वाफ, फुशारकी हे सगळं एका विषयावर चाललेलं आणि मध्येच हे काय? म्हणून मी ते वगळून वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत दोनदा बोललोसुद्धा. लोकांना आवडलं होतं.

पण नीतिसूत्रे ३:२७-२८ उघडून याच्याशेजारी ठेवा. ज्याचं हित करणं उचित आहे, त्याचं हित करायला हात आखडू नकोस, आणि जवळ असताना शेजाऱ्याला जा, उद्या ये, तेव्हा देईन, असं सांगू नकोस, असा तिथला आशय. तिथेही "उद्या" आहे. याकोबाच्या व्यापाऱ्याचा उद्या कमाईचा होता, इथला उद्या टाळण्याचा. माणूस तोच. नफ्याच्या बाबतीत उद्यावर त्याचा पक्का हक्क, आणि दुसऱ्याचं देणं असेल तर तेही उद्यावरच. सतरावं वचन तिथे चुकून पडलेलं नाही. उद्या तुझा नाही म्हटल्यावर, उद्यासाठी ठेवलेलं चांगलं काम कुठे ठेवलंस, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येणारच होता.

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावचं मुक्ती मिशन आपल्यामागे तीच सांभाळणार, असं रमाबाईंनी धरलं होतं, आणि ते अगदी साहजिक होतं. मनोरमाबाई शिकलेल्या होत्या, वर्षानुवर्षं आईच्या बरोबरीने राबत होत्या. २४ जुलै १९२१ला त्या गेल्या, वय चाळीस. रमाबाईंनी आईवडील, बहीण, भाऊ, नवरा हे सगळे आधीच गमावलेले होते, लग्नानंतर दोन वर्षंसुद्धा नवऱ्याची साथ मिळाली नव्हती. आता त्या स्वतः त्रेसष्ट वर्षांच्या, तब्येत खालावलेली आणि वारसाची योजना एका दिवसात कोसळलेली. पुढचे साडेआठ महिने त्यांनी काय केलं? संस्थेची पुढची व्यवस्था लावली आणि टेबलावर जे काम होतं ते करत राहिल्या. ते काम म्हणजे बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायका त्याची छपाई करत होत्या. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि त्या गेल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल त्यांच्यामागे, १९२४ साली बाहेर पडलं.

रमाबाईंचं उदाहरण देताना मला थोडी भीती वाटते, कारण एवढं मोठं उदाहरण दिलं की वाचणारा सुटतो. त्या कुठे, आपण कुठे, असं म्हणून. पण प्रूफ तपासणं ही काही मोठी गोष्ट नाही. एक पान, मग दुसरं पान. आमच्या ओसरीवर लागलेलं चांगलं कामही तेवढंच होतं, नंदुरबारची एक फेरी.

दुसऱ्या दिवशी मी त्या काळी-पिवळीवाल्या मुलाला गाठलं. त्याचे दोन दिवसांचे पैसे द्यावेत, असं माझ्या डोक्यात होतं. तो हसला. "भाऊ, तेव्हाचं तेव्हा झालं. आता त्याचं काय?" पैसे घेतलेच नाहीत. मी तसाच उभा. मग त्यानेच विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरचं करता ना? बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडकलाय. साइटवर दाखला चढतच नाही. उद्या शेवटची तारीख आहे."

माझी सातला मीटिंग होती. "उद्या सकाळी बघू" एवढं तोंडात आलं होतं, खोटं कशाला सांगू. मीटिंगला येत नाही असा मेसेज टाकला आणि त्याच्या घरी जाऊन बसलो. फाइलचा साइज मोठा होता, एवढंच. पण साइट दर दहा मिनिटांनी बाहेर फेकायची, ओटीपी यायचा नाही, मध्ये लाइट गेली. साडेअकराला पावतीचा नंबर आला. तोपर्यंत त्याच्या आईने दोनदा चहा केला होता आणि बहीण भिंतीला टेकून झोपून गेली होती.

तुमच्याही बॅकलॉगमध्ये कुणीतरी असेल. एखादा फोन, उधार घेतलेले पैसे, दवाखान्याची फेरी, मागायची राहिलेली माफी. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा देवाला पुढच्या वर्षाची यादी देण्याआधी ते एक नाव घ्या. नाव घेतलं की फोन हातात घ्या. प्रार्थना मग पूर्ण केली तरी तो रागावणार नाही, असं मला वाटतं.

उद्या पाचवा अध्याय, वचनं १ ते ६. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब तिथे सांगतो. त्याआधी लेवीय १९:१३ वाचून ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवायची नाही, हा नियम तिथला आहे. आणि आपली साखर कुठून येते याचा जरा विचार करून या. प्रभूने ठेवलं तर मी लिहीनच. नाही तर तुम्ही तरी वाचा.